मूठभर धान्य आणि सोळा पानं

२०२१ च्या डिसेंबरात नाशिक जिल्ह्यात पुस्तकांचे तीन मेळे भरले. आडगावला ३ ते ५ तारखेला ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. गंगापूर रोडला केटीएचएम कॉलेजच्या मैदानावर ४ आणि ५ तारखेला पंधरावं विद्रोही साहित्य संमेलन झालं. आणि त्याच महिन्यात मालेगावला राष्ट्रीय उर्दू परिषदेचा किताब मेला भरला, तिथे एक कोटी रुपयांच्या वर पुस्तकं खपली.

रविवारी, ५ तारखेला, मी सकाळी आडगावला आणि दुपारी केटीएचएमवर गेलो. मालेगाव पुढच्या पंधरवड्यात, मामूंकडे जायचं निमित्त काढून. तिन्हीकडे एकच गोष्ट शोधत होतो: आपल्या पिढीच्या, म्हणजे घरी दखनी बोलणाऱ्या आणि शाळेत मराठीत निबंध लिहिलेल्या मुलामुलींनी स्वतःबद्दल मराठीत लिहिलेलं पुस्तक. आडगावला मला ते दिसलं नाही. मालेगावला गर्दी पाहून छाती फुगली, पण तिथे सगळं उर्दू. तसं असणारच, तक्रार नाही. विद्रोहीत एका सतरंजीवर दहा-वीस रुपयांच्या पातळ पुस्तिका होत्या. त्या सगळ्या घेतल्या, पण त्यातही आपली नव्हती.

त्या पुस्तिका मात्र डोक्यातून गेल्या नाहीत. मुख्य संमेलनाला सरकारचं अनुदान तेव्हा ५० लाखांचं होतं. विद्रोहीवाले लोकांकडे मागतात ते एक मूठ धान्य आणि एक रुपया. १९९९ साली धारावीत त्यांचं पहिलं संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष बाबूराव बागूल, आपल्या नाशिकच्या विहितगावचे. तिथे सगळं छान असतं असं मी म्हणत नाही. भाषणं लांबतात, आणि 'परिवर्तन' हा शब्द तासात किती वेळा येतो हे मोजायला एखादा प्रोग्राम लिहावासा वाटतो. पण माणूस तिथून काहीतरी छापील हातात घेऊन घरी जातो.

आता आपले कार्यक्रम आठवा. मीही त्यांच्या आयोजनात असतो, म्हणून आधी स्वतःलाच बोलतो. वीस फुटी फ्लेक्स, त्यावर अठरा फोटो. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा. शाल, पुष्पगुच्छ, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार. मग बिर्याणी. दुसऱ्या दिवशी उरतो तो फ्लेक्स, आणि तो वडाळा नाक्यावरच्या कुठल्यातरी टपरीचं छप्पर होतो. मागच्या वर्षी एका कार्यक्रमाच्या फ्लेक्सला जेवढा खर्च आला, तेवढ्यात सोळा पानी पुस्तिकेच्या दोनशे प्रती सहज निघाल्या असत्या. हा हिशेब मी त्याच रात्री केला आणि कुणाला सांगितला नाही. आज सांगतोय.

आपल्याकडे परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला तो सतराव्या शतकात. शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे महबूब हुसेन पटेल. बसवर क्लीनर होते, गिरणीत कामगार होते. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदानं भरली. आवाजाची गोष्ट सगळे सांगतात. याच माणसाने 'युगदीप' आणि 'वख्त की आवाज' ही मासिकंही चालवली, ते फार कुणाला माहीत नसतं. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. त्यासाठी फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांचे सोबती राबले. तेव्हा माझ्या वयाचे लोक पाळण्यात होते. आता आपण तिशीत आहोत आणि अजून सत्कारच करतोय.

छापणं अवघड आहे म्हणावं, तर नासिर शेख यांच्याकडे बघा. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या या माणसाने साध्या कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' काढला. यंत्रमागावरचे कामगार त्याचे नट. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात ही मंडळी सायकलवर बसून शूटिंग करताना दिसतात. सिनेमा होतो, तर सोळा पानं का होऊ नयेत?

सोळा पानांचं गणित असं. ए-फोरचे चार कागद मधोमध दुमडायचे, मध्ये दोन पिना मारायच्या. सगळ्यात बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला पान १६ आणि १ येतं, मागे २ आणि १५. शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज प्रत्येक वेळी १७ यायला हवी. नाही आली तर काहीतरी चुकलंय. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चुकलं होतं, अभियांत्रिकीची पदवी असून. दुसरी अडचण फॉन्टची. आपण मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहितो, पण बरीच डीटीपीची दुकानं अजून श्रीलिपीवर काम करतात. मजकूर तिथे नेला की वेलांट्या भलतीकडे आणि जोडाक्षरांची चौकोनं. म्हणून पीडीएफ घरूनच करून न्या, नुसता मजकूर नेऊ नका.

खरी अडचण पिनांची नाही आणि फॉन्टचीही नाही, हे मला माहीत आहे. मी पुस्तिकेचं बोललो तेव्हा अम्मी एवढंच म्हणाली, "लिख, लेकिन नाम मत डाल." तिला मी हसून उत्तर दिलं नाही. एल्गार परिषदेच्या प्रकरणात कबीर कला मंचाच्या तीन कलावंतांना सप्टेंबर २०२० मध्ये अटक झाली. गाणी म्हणणारी तरुण मुलं ती, आणि पुढे कित्येक वर्षं आत राहिली. अम्मी बातम्या बघते. तिची भीती अडाणीपणाची नाही.

पण नाव छापण्याचा इतिहास उलटाही वाचता येतो. उठावानंतर दहा वर्षांनी, १८६७ साली, इंग्रजांनी प्रत्येक छापील कागदावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव सक्तीचं केलं, नजर ठेवता यावी म्हणून. २०२३ च्या नव्या कायद्याने पुस्तकं त्यातून वगळली, नियतकालिकांची नोंदणी राहिली. म्हणजे एखाद्या पुस्तिकेवर नाव घालायचं की नाही हे आता बरंचसं आपल्यावर आहे. मी घालणार आहे. तुम्ही घातलंच पाहिजे असा माझा आग्रह नाही. ज्याच्या घरी एकच पगार येतो, किंवा ज्या मुलीच्या घरून अजून परवानगी मिळायची आहे, तिच्यावर मी नैतिकतेचं ओझं टाकणार नाही. टोपणनाव चालेल. लेखन मात्र स्वतःचं हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं पुढे ढकललेलं चालणार नाही.

तर येत्या महिन्यात नाशिकला आपण बसणार आहोत. जागा सारडा सर्कलपासून चालत जाता येईल अशी बघतोय, म्हणजे मुलींना रिक्षा शोधत फिरावं लागणार नाही. फ्लेक्स नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, शाल नाही. प्रत्येकाने एक पान आणायचं: भाड्याने घर शोधतानाचा अनुभव, आजीची पाककृती, इंटरव्ह्यूत विचारलेला प्रश्न, चित्र, शिवी न वापरता केलेली टीका. मराठी, उर्दू, दखनी, काहीही. तिथेच वाचायचं, तिथेच कापायचं-चिकटवायचं. लांब टाचणी मारणारा स्टेपलर माझ्याकडे आहे. कात्र्या कमी पडतील, ज्याच्याकडे असेल त्याने आणावी. आणि येताना एक रुपयाही आणा, विद्रोहीवाल्यांची उसनवारी म्हणून. धान्य नको, बिर्याणी कोण करणार हा वाद अजून मिटलेला नाही.