तासांचा कच्चा हिशेब
‘पोरगं तिकडे काम करून फी फेडेल’ या भरवशावर नागपुरात कर्ज काढणं म्हणजे कच्चा हिशेब. कॅनडाने नोव्हेंबर 2024 मध्ये सत्र चालू असताना कॉलेजबाहेर काम करण्याची मर्यादा आठवड्याला 20 वरून 24 तास केली, हे धरमपेठेपासून सक्करदऱ्यापर्यंत सगळे सांगतात. त्याच वर्षी जानेवारीत एकट्या विद्यार्थ्याने दाखवायची खर्चाची रक्कम 10,000 वरून 20,635 डॉलर झाली, हे मात्र हळूच. जर्मनी वर्षाला 140 दिवस काम करू देते, पण त्याआधी 11,904 युरो खात्यात अडकवायला लावते. कमावून भागवणारे आहेत, हे खरंच. पण त्यातून भागतं ते किराणा-भाड्याचं; व्हिसा अधिकारी तो उद्याचा पगार आज मोजत नाही.