गल्ल्याचा हिशेब रोज, काळजाचा कधी?

गेल्या हिवाळ्यात आमच्या बाजारातला ३४ वर्षांचा एक कापड व्यापारी वारला. सकाळपासून छातीत जळजळत होते. पित्त समजून त्याने दोनदा सोडा घेतला, गिऱ्हाईक आटोपले, तागे मोजून दिले. दुपारी इस्पितळात नेले तेव्हा उशीर झाला होता. मागे दोन लहान मुले राहिली. कोणाकडे किती उधारी, हे फक्त त्यालाच ठाऊक होते.

हृदयविकार हा म्हातारपणाचा आजार, असे आम्ही मानत आलो. हा समज चुकीचा आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. आपल्या दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी येतो, असे त्यातून पुढे आले. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील बिघडलेली चरबी, पोटाचा घेर, मनावरचा ताण आणि व्यायामाचा अभाव ही त्याची मुख्य कारणे. वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत या आजाराने गाठले गेले असतील, तर धोका आणखी वाढतो.

आता आपला धंदा पाहू. व्यापारी सकाळपासून रात्रीपर्यंत गादीवर बसून असतो. मालेगाव-भिवंडीचा कारागीर यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करतो आणि रात्रपाळीत गोड चहा व तंबाखूवर जागतो. पेमेंट अडकले की झोप दोघांचीही उडते. तरुण म्हणतात, “आम्ही सिगारेट ओढत नाही, नुसती पुडी खातो.” महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी खिशातून निघतेच. चघळण्याच्या तंबाखूनेही झटक्याचा धोका वाढतो, हे त्यांना कोण सांगणार?

कापड मोजायची टेप रोज आमच्या हातात असते. ती एकदा स्वतःच्या पोटाभोवती लावावी. पुरुषाचा घेर ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला, तर सावध व्हावे.

कोणी म्हणेल, मंदीत तपासणीला पैसा कुठला? तिशीपुढील लोकांचा रक्तदाब व साखर सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत तपासतात. पैशाची अडचण नाही, वेळ काढण्याची आहे. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी मालकांनी व व्यापारी मंडळींनी कारागिरांची तपासणी घडवून आणावी, असे आम्ही सुचवतो. कारागीर अंथरुणाला खिळला तर मागही थांबतो, हे मालकांनी विसरू नये.

आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, अशी लक्षणे दिसली तर सोड्याची बाटली शोधू नये. दुकान उघडे टाकून इस्पितळ गाठावे, किंवा १०८ वर फोन करावा.

वर्षातून एकदा आम्ही गोदामातला माल मोजतो. त्याच दिवशी आपलाही हिशेब तपासावा. दुकान मुले पुढे चालवतील, पण बाप उधारीवर मिळत नाही.