खाऱ्या पाण्यातली साखर

खानदेशच्या माणसाला पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. आमच्या दीपनगरात वीजकेंद्राच्या चिमण्या आभाळाला भिडलेल्या, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांशी झोंबणारा! तेव्हा गेल्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब मालवण गाठले.

तारकर्लीच्या वाळूत मुले मनसोक्त लोळली. माझे मन मात्र रमले ते समोरच्या कुरटे बेटावर. शिवाजी महाराजांनी १६६४ साली येथे सिंधुदुर्ग बांधायला घेतला. पायात शिसे ओतले, तीन वर्षांत काम पुरे केले. भोवती खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी : दूधबाव, दहीबाव, साखरबाव! पाणीच नसते, तर एवढा भक्कम तट काय कामाचा?

इकडे मुक्कामाच्या घरी आमच्या आईनेही आपला तट उभारला होता. आई माळकरी, मासळीच्या गावात जेवायचे काय, म्हणून कळण्याचे पीठ आणि ठेचा बरोबर बांधून आणलेला.

“आजी, तुमची भांडी वेगळी आसत हां,” घरच्या मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी पुढे ठेवली. सोलकढी आईने दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी आईने त्याच घरात कळण्याच्या भाकरी थापल्या. मावशींनी बांगड्याच्या तिखल्याशी दोन खाल्ल्या. मासळी वाढलेल्या पंगतीला आई जन्मात प्रथमच बसली होती, आणि “भाकरी कडक तर नाही ना झाली?” एवढेच विचारीत होती.