ठोशाचा जोर आणि डोक्याची काळजी

सदरचा उड्डाणपूल ज्या मानकापूरच्या दिशेने जातो, तेथील विभागीय क्रीडा संकुलात सराव केलेल्या अल्फिया पठाण हिने एप्रिल २०२१ मध्ये पोलंड येथे युवा जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धेत ८१ किलोंवरील गटाचे सुवर्णपदक पटकावले. आपल्या परिसरातील मुलामुलींना या खेळाची ओढ वाटावी, हे स्वाभाविकच होय. मग घरोघरी एक प्रश्न हटकून निघतो : सर्वांत जोरकस ठोसा कोणाचा?

पुढे १९९५ मध्ये जगज्जेता ठरलेल्या ब्रिटनच्या फ्रँक ब्रुनो याचा ठोसा १९८५ साली संशोधकांनी टांगलेल्या लक्ष्यावर मोजला. आघातसमयी मुठीचा वेग सेकंदाला ८.९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटर होता. आघाताचे बल क्षणभर ४०९६ न्यूटनपर्यंत, म्हणजे जवळपास ४१८ किलो वजनाइतके चढले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात ऑलिंपिक मुष्टियोद्ध्यांची सरासरी ३४२७ न्यूटन भरली. वरच्या वजनगटांचा ठोसा अधिक भारी होता, तो प्रामुख्याने मुठीमागील वस्तुमानामुळे. मात्र साधन बदलले, लक्ष्य बदलले की आकडाही बदलतो. त्यामुळे निरनिराळ्या ठिकाणी मोजलेले विजेते एकाच तराजूत घालणे युक्त नव्हे.

हे बल येते कोठून? केवळ दंडातून नव्हे. १९८५ च्याच एका सोव्हिएत अभ्यासानुसार निष्णात खेळाडूंच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८.५ टक्के होता. नवोदितांत तो अवघा १६.५ टक्के आढळला. पाय जमीन रेटतात, कंबर वळते, खांदा पुढे येतो आणि मूठ अखेरीस पोहोचते. म्हणून मुलाला वजने उचलायला लावण्याआधी त्याचे पदलालित्य घडू द्यावे.

शिवाय हौशी मुष्टियुद्धात न्यूटन मोजून गुण देत नाहीत. नियमात बसणारे स्वच्छ ठोसे, तंत्र आणि डावपेच पंच पाहतात. अल्फियाचा अंतिम विजय ५–० असा होता; पाचही पंचांचा कौल तिच्याकडे होता.

आता पालकांसाठी महत्त्वाची बाब. ब्रुनोच्या ठोशाने लक्ष्याला गुरुत्वत्वरणाच्या ५३ पट त्वरण मिळाले. डोक्याला असा झटका बसला की कवटीतील मेंदू हेलकावतो आणि पिळवटतो. शिरस्त्राण जखमा कमी करते. मेंदूचा हेलकावा ते पूर्णपणे रोखू शकत नाही. अमेरिका व कॅनडातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये मुले व किशोरांच्या मुष्टियुद्धास विरोध दर्शवला, तो याच कारणास्तव.

तथापि दोरीउड्या, पावले टाकण्याचा सराव, वाळूच्या पिशवीवरील आणि प्रशिक्षकाच्या हातातील गादीवरील ठोसे यांतून दम, तोल व आत्मविश्वास मिळतो. त्यासाठी डोक्यावर मार खावा लागत नाही. प्रवेश घेताना प्रशिक्षकांना अवश्य विचारावे : प्रत्यक्ष लढतीचा सराव कोणत्या वयापासून? डोक्याला मार लागल्यास काय करता?

मार लागल्यानंतर डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गोंधळलेपण किंवा अंधुक दिसणे यांपैकी काहीही जाणवल्यास त्या दिवशी खेळ थांबवावा आणि डॉक्टरांना दाखवावे. त्यांच्या अनुमतीवाचून पुन्हा रिंगणात उतरू देऊ नये. शुद्ध हरपणे, वारंवार उलट्या, झटके किंवा वाढती गुंगी दिसल्यास तडक रुग्णालय गाठावे.

आपल्या मुलाचा ठोसा किती जोरकस, हे कळायला घाई नाही. त्याचे डोके सुरक्षित आहे ना, हे मात्र पहिल्याच दिवशी कळायला हवे.