मदतीला गेलेल्यांची विचारपूस

ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात, मुखेड तालुक्यातली गावं पाण्यात गेली. ओळखीतली काही पोरं धान्य, कपडे घेऊन तिकडे पोचली. आठवड्याने परत पुण्यात, सोमवारी स्टँडअपला हजर! "कसं होतं रे?" "भयानक." "ग्रेट काम केलंस यार." विषय संपला.

मला हे 'ग्रेट काम' प्रकरण खटकतं. एकदा हिरो ठरवल्यावर, रात्री झोप लागत नाही हे तो सांगणार कोणाला?

मंडळी, मराठवाड्याला हे नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६, किल्लारी. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. सुमारे आठ हजार माणसं गेली, ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. माझा मामा तेव्हा नांदेडला शिकत होता, एकोणीस वर्षांचा. मित्रांबरोबर गेला, पावसात ढिगारे उपसले, चितांना लाकडं वाहिली. आजही तो माळवदाच्या घरात मुक्काम करत नाही. कारण विचारलं तर म्हणतो, "तिथे डास फार." तीस वर्षं डास... असो.

आमच्याकडे साधा सर्व्हर पडला तरी ऑन-कॉलची पाळी ठरलेली असते. बारा तास झाले की दुसरा येतो, हँडओव्हर होतो, नंतर शांतपणे बसून बोलणं होतं. आणि विस्थापितांच्या छावणीत विशीतल्या पोराने झोप लागेपर्यंत राबायचं?

संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदतसंस्थांच्या समितीने २००७ मध्ये आपत्तीतल्या मानसिक आधाराबद्दल मार्गदर्शिका काढली. त्यात कर्मचारी आणि स्वयंसेवकांच्या काळजीवर वेगळं प्रकरण आहे. म्हणजे हे काही माझं खूळ नाही :) फार काही लागतही नाही. जोडीने पाठवा, दिवस मोजून पाठवा, संध्याकाळी अर्धा तास एकत्र बसवा. ज्याला बोलायचं नाही त्याला खोदून विचारू नका. आणि महिन्याने एक फोन करा.

फोन शक्यतो अशा कामातून गेलेल्याने करावा. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर काम केलेल्या लातूर-उस्मानाबादकडच्या (आताचं धाराशिव) बायका २००१ च्या भूकंपानंतर कच्छला गेल्या होत्या. आपलं गाव पडलेलं पाहिलेली बाई शेजारी बसली की निम्मं समजावून सांगायची गरजच उरत नाही. असा अनुभव लातूरमध्ये घरोघरी आहे, आपण तो वापरत नाही.

"लोक उपाशी आहेत आणि तुम्हाला स्वयंसेवकांच्या झोपेचं पडलंय!" हे मी ऐकून घेतलंय. पण पुनर्वसन आठवड्यात उरकत नाही, किल्लारीनंतर ते काही वर्षं चाललं. पहिल्या आठवड्यात ट्रकच्या ट्रक येतात. तिसऱ्या महिन्यात फॉर्म भरून द्यायला, तलाठ्याकडे खेटे घालायला माणूस हवा असतो, आणि तोवर मदतीला आलेलं पोरगं पार गळपटलेलं असतं, आता तर ते आपला फोनही उचलत नाही.