फ्रेंच टोस्टवरची गोठवलेली फळं

अंडं-दुधात बुडवून तुपावर भाजलेला पाव, म्हणजे फ्रेंच टोस्ट, मुलांना जरूर द्या. एका अंड्यातून साधारण 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात. मात्र तो आतपर्यंत शिजू द्या.

माझा आक्षेप आहे वरच्या थंडगार बेरींना. गोठवल्याने जंतू मरतातच असं नाही. 2013 मध्ये युरोपात गोठवलेल्या बेरींमधूनच 'हिपॅटायटिस ए'ची कावीळ पसरली होती. त्यात आपल्या जयगडला पावसाळ्यात वीज गेली की फ्रीजरमधली फळं वितळतात, पुन्हा गोठतात! म्हणून मिनिटभर उकळूनच ती टोस्टवर घाला.

आणि महागडी पाकिटं कशाला? मे महिन्यातली करवंदं, जांभळं धुऊन, बिया काढून ठेवा. तीही उकळूनच. मधुमेह असेल तर 'जांभूळच आहे' म्हणत वर साखरेचा पाक ओतू नका.