ध्वजगीताचे घर

१९ मे १९६०. बार्सिलोनातील ‘पालाऊ’ हे संगीत सभागृह श्रोत्यांनी भरले होते. कॅटलान कवी जुआन मारागाल यांच्या जन्मशताब्दीचा समारंभ होता. मारागाल यांनीच लिहिलेले ‘ध्वजगीत’ मात्र कार्यक्रमातून वगळावे, असा गव्हर्नरचा आदेश होता. स्पेनचा हुकूमशहा जनरल फ्रँको त्या दिवसांत बार्सिलोनाच्याच दौऱ्यावर होता. गीत होत नाही असे दिसताच श्रोत्यांतील काही तरुण उभे राहिले आणि त्यांनी ते स्वतःच म्हणावयास प्रारंभ केला. पोलिसांनी सभागृहातच त्यांना मारहाण केली, कित्येकांना अटक झाली.

सत्तेला इतके बिथरवणाऱ्या या गीताला चाल देणारे संगीतकार ल्युईस मिलेत त्यापूर्वी अठरा वर्षे जग सोडून गेले होते.

मिलेत यांचा जन्म १८६७ चा, बार्सिलोनाजवळच्या एल मास्नोऊ या समुद्रकाठच्या गावातला. कॅटलोनियाची स्थिती तेव्हा विचित्र होती. १७१४ मध्ये बार्सिलोना पडले आणि मागोमाग कॅटलोनियाच्या जुन्या संस्था व कायदे मोडीत निघाले. राज्यकारभारातून भाषा हद्दपार झाली. ती उरली घरात, शेतात आणि गाण्यात. एकोणिसाव्या शतकात कवींनी तिला पुन्हा साहित्यात प्रतिष्ठा मिळवून दिली. संगीतात हेच कार्य मिलेत यांनी आपले मानले.

तरुणपणी कॉफीगृहात पियानो वाजवून ते चरितार्थ चालवीत. १८९१ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, आमादेऊ व्हिवेस या आपल्याहून लहान मित्रासह त्यांनी ‘ऑर्फेओ कॅटाला’ हे गायकवृंद स्थापन केले. पुढे व्हिवेस माद्रिदला गेले, स्पॅनिश संगीत नाटकांचे लोकप्रिय रचनाकार झाले आणि तिथेच वारले. त्यात त्यांचा दोष मानण्याचे कारण नाही. त्यांनी बांधलेली कॅटलान गीते आजही आवडीने गायिली जातात. मिलेत मात्र राहिले. पन्नास वर्षे एकच काम: हौशी गायकांना जमवणे, तालमी घेणे, लोकगीतांना वृंदगायनासाठी स्वरसाज चढविणे. स्वतंत्र रचनाकार म्हणून त्यांची निर्मिती तशी मोजकीच आहे. प्रतिभेची जी वर्षे स्वतःच्या कृतींसाठी वेचता आली असती, ती त्यांनी इतरांचा गळा तयार करण्यात घातली. सांघिक गीत ज्यांनी म्हटले आहे, त्यांना या कामातील चिकाटी वेगळी समजावून सांगावयास नको.

१८९६ मध्ये मोन्सेरातच्या मठात वृंदाच्या ध्वजाला आशीर्वाद देण्यात आला. त्या प्रसंगासाठी मारागाल यांनी शब्द लिहिले आणि मिलेत यांनी चाल दिली. तेच हे ध्वजगीत.

स्वतःची वास्तूही या मंडळींनी उभारली. सभासदांची वर्गणी, कर्जरोखे आणि धनिकांच्या देणग्या यांतून १९०५ ते १९०८ या काळात वास्तुशिल्पी दोमेनेक इ मोंतानेर यांनी पालाऊ बांधले. रंगमंचाच्या एका बाजूस क्लावे यांचा अर्धपुतळा आहे. गेल्या शतकाच्याही आधी कामगारांचे गायकवृंद उभे करणारे हे कॅटलान संगीतकार. दुसऱ्या बाजूस बीथोव्हेन आहे. स्वत्व जपणारे जगाकडे पाठ फिरवतात, हा आक्षेप आपल्या परिचयाचा आहे. त्याचे उत्तर तिथे दगडात कोरलेले आहे. याच वृंदाने १९११ मध्ये बाखचा ‘बी मायनर मास’ सादर केला.

राज्यकर्त्यांना मात्र या गाण्यात वैरच दिसले. जून १९२५ मध्ये ऑर्फेओच्या सन्मानार्थ भरविलेल्या फुटबॉल सामन्यात प्रेक्षकांनी राजगीताच्या वेळी शिट्ट्या वाजवल्या. प्रिमो दे रिवेरा याच्या लष्करी राजवटीने बार्सिलोना क्लबला सहा महिन्यांची बंदीची शिक्षा फर्मावली आणि ऑर्फेओलाही टाळे ठोकले. राजगीताचा अवमान समर्थनीय नव्हे. परंतु तेवढ्यासाठी गाणाऱ्यांची संस्थाच बंद करणे हा राज्यकर्त्यांचा करंटेपणा होता. भाषा वेगळी म्हणजे निष्ठा वेगळी, असे ज्या सत्तेने मानले, तिनेच ती निष्ठा वेगळी होण्यास हातभार लावला. ऑक्टोबर २०१७ मधील सार्वमताचा आणि फुटीरतेचा पेच पाहताना आपल्यासारखे अखंडतेचे आग्रही साहजिकच माद्रिदच्या बाजूने विचार करतात. तो करावाच, पण फ्रँकोच्या राजवटीने एकात्मतेच्या नावाखाली काय केले, हेही त्याच वेळी आठवावे. मिलेत १९४१ मध्ये निवर्तले तेव्हा कॅटलान भाषेला सार्वजनिक जीवनात स्थान उरले नव्हते.

यापुढचा भाग अप्रिय आहे, तरी तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९६० च्या प्रकरणात जोर्दी पुजोल या तरुण कार्यकर्त्याला लष्करी न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा दिली. १९८० ते २००३ अशी तेवीस वर्षे हेच पुजोल कॅटलोनियाचे शासनप्रमुख होते. २०१४ मध्ये, कुटुंबाचा पैसा आपण परदेशात दडवून ठेवला होता, अशी कबुली त्यांनी दिली. पालाऊचे कारभारी फेलिक्स मिलेत हे तर संस्थापकाच्याच घराण्यातले. त्यांनी वर्षानुवर्षे संस्थेची तिजोरी लुटली. जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांना नऊ वर्षे आठ महिन्यांचा कारावास ठोठावला. बांधकाम कंत्राटाच्या बदल्यातील दलालीचे सुमारे ६६ लाख युरो याच संस्थेमार्फत पुजोल यांनी स्थापन केलेल्या पक्षाला पोहोचले, असाही त्या निकालाचा निष्कर्ष आहे. हुकूमशहांच्या पोलिसांना जे साधले नाही, ते घरच्यांनी साधले. कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून उभारलेल्या संस्थेची हिशेबाची वही कोण तपासतो, हा प्रश्न केवळ बार्सिलोनापुरता नाही.

गाणे मात्र या सर्वांना पुरून उरले. मिलेत यांच्या हयातीत, १९१३ मध्ये, सुरू झालेली नाताळानंतरची मैफल आजही २६ डिसेंबरला पालाऊमध्ये होते. शेवटी ध्वजगीत होते आणि सभागृह उभे राहते.